डार्लीनची वाट

सोमवार, २४ मार्च १९८६

प्रिय डार्लीन,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, त्यावर फार विचार करू नकोस. फोन करून पाहिला. माझा आवाज ऐकलास की तू फोन ठेवतेस, आणि ओवीड घरी असला तर फोनला हातच लावत नाही. म्हणून हे पत्र नोएलीमावशीच्या एल्मोकडे देते आहे. दलदलीतल्या क्रॉफिशची पोती घेऊन त्याचा ट्रक रोज पोर्ट आर्थरला येतो हे तुला माहीत आहे. एक पोतं तुमच्यासाठी आहे. पोतं ठेवून घेतलंस तर पत्रही वाचावं लागेल, असं मी त्याला बजावून सांगितलंय.

आई जाते आहे. हृदय थकलंय, फुप्फुसांत पाणी भरतंय, काढलं तरी पुन्हा भरतंय. डॉक्टरांनी शनिवारी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, “आता कधीही.” तेव्हापासून आम्ही सगळे इथे हॉस्पिटलात ठाण मांडून आहोत. खोलीत दोनच माणसं असावीत असा नियम आहे आणि आम्ही कधी सहा असतो, कधी नऊ. नोएलीमावशी जपमाळ घेऊन खिडकीशी बसली आहे. विल्फ्रेडमामाने बाहेरच्या बाकांवर पत्त्यांचा डाव मांडलाय आणि दुसऱ्या पेशंटचे नातेवाईकही त्यात ओढलेत. मिस थेल्मा म्हणून नर्स आहे, ती दर तासाला येऊन म्हणते, “ही काय जत्रा आहे?” आणि जाताना मावशीच्या डब्यातला भात खाऊन जाते.

पण आई जात नाहीये. डोळे मिटते, आम्ही पुढे सरसावतो, ती डोळे उघडते आणि दाराकडे बघते. तिचा जीव कशात तरी अडकलाय. आजार उतरवायच्या प्रार्थनांमध्ये नाही, त्या तिने डिसेंबरमध्येच एल्मोला देऊन टाकल्या. बाईने पुरुषाला द्यायच्या आणि पुरुषाने बाईला, असा नियम आहे, म्हणून मला त्या कधीच मिळणार नव्हत्या. मी त्याची तक्रार केली नाही. केली, पण फार नाही. आता लोकांच्या भाजलेल्या हातांवर, पोरांच्या तापावर एल्मो प्रार्थना घालतो. आईचं ते काम संपलं.

तेव्हा ती ओवीडची वाट बघते आहे, दुसरं काय? तुझा नवरा व्हायच्या आधी तो माझा भाऊ होता, आणि त्याच्याही आधी तो तिचा मुलगा आहे. सात वर्षं त्याने या गावात पाऊल टाकलेलं नाही. कोणामुळे, ते मी लिहीत नाही. सगळे जे म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

त्याला पाठव.

क्लोतील


मंगळवार, २५ मार्च

डार्लीन,

पोतं ठेवून घेतलंस म्हणे. बरं केलंस. तुझी चिठ्ठी एल्मोने दिली. “मी त्याला कधीच अडवलं नाही. त्यालाच विचारा.” एवढंच. शाईसुद्धा जपून वापरतेस तू.

ठीक आहे, मग त्यालाच विचार असं मी तुला सांगते. मला तो भेटत नाही, तुला रोज भेटतो. जेवताना त्याच्यासमोर ही दोन्ही पत्रं ठेव. त्याला सांग की आईने काल विल्फ्रेडमामाला दोनदा ओवीड म्हणून हाक मारली आणि मामाने दोन्ही वेळा ओ दिली. सत्तर वर्षांचा माणूस, पत्ते खाली टाकून ओ देतो आणि मग बाहेर जाऊन नाक शिंकरतो. हे सगळं मी एकटीने किती बघायचं?

एक गोष्ट तुझ्यासाठी लिहिते, कारण तुला ती कधी कोणी नीट सांगितली नाही. आमच्यात प्रार्थना घालणाऱ्या बाईचे आभार मानत नाहीत. पैसे देत नाहीत, ‘आभारी आहे’ म्हणत नाहीत, मान खाली घालून निघून जातात. फार तर दुसऱ्या दिवशी दारात कोंबडी नाहीतर भेंड्या ठेवून जातात. का, ते मला विचारू नकोस. बरं करणारी ती नसते, देव असतो, म्हणून असेल. आभार मानले तर केलेलं पुसलं जातं, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललोय. तू ब्युमाँटची, बाप्टिस्ट घरातली, ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’ तुझ्या दुधातच घातलेलं. तुला कोणी आधी सांगायला हवं होतं, ते कोणी सांगितलं नाही.

असो. ओवीडला पाठव. उद्या.

क्लोतील


बुधवार, २६ मार्च, संध्याकाळ

डार्लीन,

आला. तू पाठवलंस की तो आपणहून निघाला ते मला माहीत नाही आणि आज मला त्याचं काही नाही. आला.

रिफायनरीतून थेट आलेला, कपड्यांना तेलाचा वास. दारात असा उभा की जणू चुकीच्या खोलीत शिरलाय. आईने त्याला खालून वर पाहिलं.

“वाळलास,” म्हणाली. “ती जेवायला घालत नाही वाटतं?”

“घालते, आई. तुझ्यापेक्षा चांगलं घालते.”

मावशीची जपमाळ थांबली. आमच्या घरात तिच्याशी असं कोणी बोललेलं नाही, डार्लीन. आणि आई मास्कच्या आत हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला आणि मिस थेल्मा धावत आली.

मग तिने विचारलं, “पोर कशी आहे?”

“मजेत. शाळेत नाच शिकते.”

“आणि... ऐकायला येतं?”

“उजव्या कानाने येतं. तेवढं तिला पुरतं. बोलणाऱ्याला ती फिरवून उजवीकडे आणते. मास्तरांनासुद्धा.”

आईने डोळे मिटले. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं, हीच ती वेळ. विल्फ्रेडमामाने टोपी काढली. नोएलीमावशीने पर्समधून आशीर्वादाची मेणबत्ती काढून पेटवलीसुद्धा. मिस थेल्मा अशी किंचाळली म्हणून सांगू! “ऑक्सिजन चालू आहे! अख्खा मजला उडवाल!” तिने मेणबत्ती हिसकावून बेसिनमध्ये विझवली. मावशी अजून तोंड पाडून बसली आहे. आईने या गोंधळात एक डोळा उघडून ओवीडला विचारलं, “एकटाच आलास?”

आणि मग कॉफी मागितली.

डॉक्टर म्हणतात त्यांना कळत नाही. मला कळलं. सगळे खाली जेवायला गेले तेव्हा आईने माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच आहे. म्हणाली, “ती नाही आली?”

“कोण?”

“पोरीची आई.”

सात वर्षांत तिने तुझा विषय काढलेला नाही. मग ती बोलत राहिली, मधे मधे थांबून. काय बोलली ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे, तिच्या तोंडून तू ऐकायचं आहेस. एवढंच सांगते की ती ओवीडसाठी थांबलेली नव्हती. आम्ही सगळे उगाच भलत्याच दाराकडे बघत होतो.

ये. मी हुकूम सोडते आहे असं वाटलं तर वाटू दे.

क्लोतील


गुरुवार, २७ मार्च

डार्लीन,

तुझी चिठ्ठी मिळाली. “त्यांना मला पुन्हा चारचौघांत बोल लावायचे असतील तर ते इथूनही ऐकू येतात. काय सांगायचंय ते लिहा.”

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती चुरगळली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वाटलं, मी तुझ्या जागी असते तर याहून कडक लिहिलं असतं.

इथे आज भांडण झालं. डॉक्टरांना आईच्या घशात नळी घालायची आहे, श्वास यंत्राने चालवायला. विल्फ्रेडमामा म्हणाला, घाला. ओवीड म्हणाला, घाला, निदान ईस्टरपर्यंत तरी राहील. मी विचारलं, “नळी घातल्यावर बोलता येईल?” डॉक्टर म्हणाले, नाही. मी दारात उभी राहिले. “मग नाही.”

मामा म्हणाला, “तू कोण ठरवणारी?”

“तिची इतक्या वर्षांची औषधं कोणी दिली? तिचे पाय कोणी चोळले? मी ठरवणारी.”

“तुझ्या आईचा जीव जाईल, पोरी!”

“जीव जाणारच आहे, मामा. मुकी होऊन जाणार नाही, एवढंच मी बघते आहे.”

शेवटी आईनेच हात वर करून नळीला नको म्हटलं. ओवीड माझ्याशी बोलत नाहीये. तुला फोन केला असेल तर त्याने मला काय काय म्हटलंय ते तुला कळलंच असेल.

पण मास्क काढला की तिचा दम लगेच लागतो आणि आज बोलणं कालपेक्षा कमी आहे. उद्या तिला बोलता येईल का, ते सांगता येत नाही. मी दुपारी तिला विचारलं, “मी लिहून कळवू का डार्लीनला?” ती म्हणाली, “नको. माझ्या तोंडचं आहे. मी सांगणार.” पहिल्यांदाच आयुष्यात मी तिचं ऐकत नाहीये. तू येईपर्यंत ती टिकली नाही तर हे तिच्याबरोबर जमिनीत जाईल, आणि तू जन्मभर तेच ओझं वाहशील. ते मला चालणार नाही.

तर ऐक. तिचेच शब्द, मला आठवतात तसे.

“पोर माझ्या मांडीवर होती. मी प्रार्थना घातली. पुन्हा घातली. हाताला कळतं, क्लोतील, उतार पडतोय की नाही. काहीच उतरत नव्हतं, अंग नुसतं जळत होतं. मी घाबरले. अख्खा गाव माझ्या दारात पोरं आणतो आणि माझ्याच नातीसाठी माझ्या हातात काही नाही. मला म्हणायला हवं होतं, उचला हिला, डॉक्टरकडे पळा. माझ्या तोंडून निघेना. सगळे टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात ती बिचारी म्हणाली, आभारी आहे. आणि मला निसटायला जागा मिळाली. मी तिच्यावर ओरडले. केलेलं सगळं पुसलंस म्हणून. पोरीला काही झालं तर ते तुझ्या जिभेवर, म्हणून. मग आपण सकाळपर्यंत थांबलो.”

सकाळपर्यंत थांबलो. हे ती तीनदा म्हणाली. मेंदूज्वर होता हे आपल्याला हॉस्पिटलात कळलं, कान गेला हे नंतर. आणि सात वर्षं हा गाव म्हणतो की ओवीडच्या टेक्सासच्या बायकोने आभार मानले म्हणून पोरीचा कान गेला. मीही म्हटलंय. नोएलीमावशी अजून म्हणते. आईने कोणाला टोकलं नाही.

मी आईवर चिडले आहे. तिच्या उशाशी बसून तिच्यावर चिडणं हा काय प्रकार आहे तो बसल्याशिवाय कळणार नाही. तोंड पुसते, केस विंचरते आणि मनात म्हणते, बाई, तुझी छाती तरी कशी झाली! मग तिचे हात बघते आणि राग टिकत नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. तू न येण्याचा हक्क तुला आहे. माझं म्हणणं तरी हेच की ये. कागदावरचं वाचणं वेगळं आणि तिने तुझ्या डोळ्यांत बघून म्हणणं वेगळं.

क्लोतील


गुड फ्रायडे, दुपार
तिसरा मजला

डार्लीन,

हा कागद ओवीडच्या हाती खाली पाठवते आहे.

तुमची हिरवी गाडी मला खिडकीतून दिसते आहे. तू स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघते आहेस. ओवीड काचेशी वाकून बोलला, मग सरळ उभा राहिला, मग पुन्हा वाकला. त्याला बोलता येत नाही, कधीच येत नव्हतं. पोरगी मागच्या सीटवर पाय हलवत बसली आहे. किती उंच झाली!

तो वर येऊन म्हणाला की तू यायला तयार होतीस, पण खोली भरलेली आहे हे कळल्यावर पाय उचलेना. खोली भरलेली आहे, खरं आहे. मी रिकामी करायला निघाले होते. आईने मला थांबवलं. सकाळी तिने एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना बोलावून घेतलं: नोएलीमावशी, विल्फ्रेडमामा, एल्मो, मी. त्या दिवशी टेबलाशी जे होते ते सगळे. मावशी म्हणाली, “अगं, सुनेला एकटीला भेट की, आमची कशाला गर्दी?” आई म्हणाली, “बोलले तुमच्यासमोर. सांगणारही तुमच्यासमोर.” कोणालाच अजून कळलेलं नाही काय सांगणार ते. मामाला वाटतंय मृत्युपत्राचं असेल, त्याने भांग पाडलाय.

मिस थेल्माने दार लावून घेतलंय आणि डॉक्टर आले तर त्यांना जिन्यातच अडवते म्हणाली.

आणि आईने मास्क काढून ठेवलाय. तुझ्याशी बोलताना तो मधे नको म्हणते. नर्स लावते, ती काढते. तू खाली बसशील तेवढा वेळ तिचा श्वास असाच खर्च होणार आहे. हे मी टोचून लिहिते आहे, होय, मुद्दाम टोचून.

आत आलीस की कोणाकडे बघू नकोस. मी दाराशी उभी आहे. तुझ्याविरुद्ध कोणी एक शब्द काढला तर तो कोणीही असो, मी त्याला उचलून जिन्यावरून खाली सोडेन. वर ये.

क्लोतील


मंगळवार, ८ एप्रिल

प्रिय डार्लीन,

अंत्यविधीच्या दिवशी तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस आणि मावशी तुझ्या हातातून घासणी काढून घ्यायला बघत होती. ती तुझ्याशी असंच वागेल आता, माफी मागणं तिला जमत नाही. तू घासणी सोडली नाहीस ते मला आवडलं.

तू खोलीतून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायला हे पत्र.

आईने सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. वाटलं होतं तू रडशील, नाहीतर ओरडशील. ओरडली असतीस तर मी तुझ्या बाजूने ओरडले असते, तयारीच करून ठेवली होती. तू पलंगाच्या कडेवर बसलीस आणि म्हणालीस, “मला माहीत होतं. तुमचे हात थरथरत होते, मी बघितलं होतं. बघूनही मी तिला उचललं नाही. वाटलं, मी नवी, मी परकी, इथे मला काय कळतं? मीसुद्धा सकाळपर्यंत थांबले.”

मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग आईने पोरीला जवळ बोलावलं, आणि पोरीने काय केलं? पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली, उजवा कान तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, “आता बोल.” आई काय बोलली ते पोरीने कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं असेल तर मला सांगू नकोस.

तुम्ही तिला घेऊन खाली गेलात, बाकीचे एकेक करून निघाले. मावशी जाताना आईच्या पायाला हात लावून गेली, पण तिच्याकडे बघितलं नाही. मी एकटी उरले. मास्क लावायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला.

“तिला माहीत होतं,” म्हणाली.

“होय.”

“सात वर्षं.”

“होय, आई.”

“मग तोंड का नाही उघडलं तिने? ओवीडला तरी सांगायचं. गावात सांगायचं. माझी अब्रू काढायची.”

मी म्हटलं, “तू सांगशील म्हणून थांबली असेल.”

ती म्हणाली, “मीही थांबले असते. मरेपर्यंत थांबले असते, पण आधी बोलले नसते.” आणि हसली, डार्लीन. त्या सात वर्षांत मी तिला तुझ्याबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं, आणि आता ती तुझ्याबद्दल बोलत होती तर चक्क कौतुकाने. “सून माझीच निघाली,” म्हणाली. “अगदी माझंच भूत आहे.”

शनिवारी सकाळी ती गेली. ओवीडने तुला कळवलंच. मला वाटलं होतं मी खंबीरपणे उभी राहीन. इतके दिवस डॉक्टरांना, मामाला, तुला, सगळ्यांना दमात घेत उभी होते. तिचा हात गार झाला तेव्हा मी लहान मुलीसारखं भोकाड पसरलं. मिस थेल्मा मला धरून बसली होती. अजूनही सकाळी उठून तिच्या गोळ्या काढायला जाते आणि कपाटाशी पोचल्यावर आठवतं.

तर मुद्दा असा. तिच्या खोलीला अजून कोणी हात लावलेला नाही. ओवीडला येऊन काही उपयोग नाही, तो प्रत्येक वस्तू हातात घेऊन बसून राहील. मावशीला बोलावलं तर ती सगळ्याची वाटणी लावेल. मला शेजारी असं कोणी हवंय जे माझं ऐकणार नाही. या घरात तेवढा हट्टीपणा एकाच बाईत होता, आणि तिच्यामागे आता तूच उरली आहेस.

रविवारी ये. पोरीला घेऊन ये.

तुझी नणंद,
क्लोतील